गोळी एक, औषधे दोन

सत्तरीच्या आजी दवाखान्यात येतात. ‘अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते,’ ही तक्रार. पावलेही सुजलेली. सुनेच्या हातात औषधांची पिशवी. ती टेबलावर रिकामी केली, की कारण बऱ्याचदा तिथेच सापडते. एक गोळी गावातल्या डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेली, दुसरी शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंगही वेगळे. पण पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचला तर दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन! जुनी गोळी बंद करायची होती, हे आजींना कुणी सांगितलेच नव्हते. असे प्रसंग आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत.

एकत्रित गोळी कशासाठी?

एकाच औषधाचा डोस वाढवत नेला, तर रक्तदाब थोडाच आणखी उतरतो. दुष्परिणाम मात्र वाढू लागतात. त्याऐवजी वेगळ्या वाटेने काम करणारी दोन औषधे कमी मात्रेत दिली, तर परिणाम चांगला मिळतो. टेल्मिसार्टन हे रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाला अडवते, तर अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते. अ‍ॅम्लोडिपिनमुळे पायांवर येणारी सूजही या जोडीत कमी राहते. शिवाय गोळ्यांची संख्या कमी झाली की त्या चुकण्याचे प्रमाणही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा एकत्रित गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. तेव्हा या गोळ्या वाईट नाहीत. धोका आहे तो आत काय आहे हे माहीत नसण्याचा.

नावाचे शेपूट ओळखा

गोळीच्या व्यापारी नावापुढे ‘एएम’, ‘एच’, ‘एटी’ अशी अक्षरे असतात. साधारणपणे ‘एएम’ म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध आणि ‘एटी’ म्हणजे अ‍ॅटेनोलॉल. पण प्रत्येक कंपनी हीच अक्षरे वापरेल असे नाही. म्हणून पट्टीवरचे मूळ औषधाचे नावच वाचावे. या मूळ नावांचा शेवट लक्षात ठेवायला सोपा आहे. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ हे दोन जवळचे गट, ‘डिपिन’ हा तिसरा आणि ‘लॉल’ हा नाडीचे ठोके कमी करणारा चौथा.

दोन गोळ्यांत एकाच शेवटाची औषधे दिसली, तर डॉक्टरांना विचारा. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ एकत्र असतील तरीही विचारा. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन पाहिलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यात फायदा वाढला नाही. रक्तदाब फार उतरण्याचे आणि मूत्रपिंडाला त्रास होण्याचे प्रमाण मात्र वाढले. ‘लॉल’ गटातील औषधासोबत डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घेतले, तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते.

न सांगितलेल्या गोळ्या

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कुणी ‘औषध’ म्हणून मोजत नाही. पण ती रक्तदाब वाढवते. सार्टन किंवा प्रिल आणि लघवीची गोळी आधीच चालू असेल, तर या तिघांचा मेळ मूत्रपिंडांना महागात पडू शकतो. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असते. सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल तर, ते विचारल्याशिवाय वापरू नये. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आणि लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी एकत्र आल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पुरुषांनी संकोच बाजूला ठेवून ही माहिती डॉक्टरांना द्यायलाच हवी.

उपवास, उलट्या आणि ‘आता बरे वाटते’

एकादशीला उपवास म्हणून गोळी टाळणारे अनेक जण आहेत. तसे करू नका. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यायची, ते आधीच विचारून ठेवा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका. ‘लॉल’ गटातील औषध अचानक थांबवले, तर ठोके वाढून छातीत दुखू शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्यांनी दात काढायचा म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच बंद करू नयेत. याउलट जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागू शकतात; पण कोणत्या, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी काय करावे?

बीपी मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. ज्येष्ठांचा रक्तदाब बसून मोजल्यावर उभे राहूनही मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे. म्हातारपणी बाथरूममधल्या एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो.

छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा ओठ-जीभ सुजणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.

आणि आज रात्री एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्या एकत्र काढा. प्रत्येकीतल्या मूळ औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि ती कुणी दिली, हे एका कागदावर लिहा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दातांचा असो, हाडांचा असो की हृदयाचा, प्रत्येक डॉक्टरला तो दाखवा. नवी गोळी हातात पडली की एकच प्रश्न विचारा : ‘ही जुन्या गोळीच्या जागी आहे की जुनीसोबत घ्यायची?’ आजींना हा प्रश्न सुचला असता, तर चक्कर टळली असती.