पाहुण्याचें व्याख्यान आणि विद्यार्थ्याची कसोटी

विद्यापीठाचा रसायनविभाग म्हटला म्हणजे कांचेच्या नळ्या, उग्र वास आणि पांढरे झगे घातलेले विद्यार्थी एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्या विभागाचें बरेंचसें जीवन व्याख्यानाच्या दालनांत चालतें. कधीं परगांवचा संशोधक तेथें येऊन आपलें ताजें काम मांडतो, तर कधीं विभागांतलाच एखादा विद्यार्थी कित्येक वर्षांचे कष्ट परीक्षकांपुढें ठेवून त्यांच्या निर्णयाची वाट पाहतो. वरवर पाहतां या दोन गोष्टी निरनिराळ्या दिसतात. वस्तुतः त्यांचें नातें फार जवळचें आहे.

पीएच. डी.च्या विद्यार्थ्याची वाटचाल टप्प्याटप्प्यानें होत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें त्याला आरंभीं ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मग दर सत्रांत सल्लागार समितीपुढें आपल्या कामाची प्रगति सांगावी लागते. प्रबंध सादर करण्यापूर्वीं त्याला जें निवेदन करावें लागतें, तें ऐकण्यास विभागांतील सर्व अध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना मोकळीक असते. यानंतर प्रबंध मार्गदर्शकाकडे आणि निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, व शेवटीं तोंडी परीक्षा होते.

येथें कोणी विचारील कीं, विद्यार्थ्याचें काम रोज पाहणारे गुरुजन जवळ असतांना बाहेरच्या माणसाची जरूर काय? याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. आमटींत मीठ अंमळ जास्त पडत असलें, तरी घरच्यांच्या जिभेला तें संवयीचें झालेलें असतें. पाहुणा मात्र पहिल्याच घासाला तें ओळखतो. विद्येच्या घरींही हाच प्रकार घडतो, आणि त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण मिठाच्या पाण्याशींच निगडित आहे.

१८८४ सालीं स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांत स्वांटे अऱ्हेनियस नांवाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणानें आपला प्रबंध परीक्षकांपुढें ठेवला. क्षार, आम्लें वगैरे पदार्थांच्या द्रावणांतून वीज कशी वाहते, हा त्याचा विषय होता. पाण्यांत विरघळलेल्या पदार्थाचे सगळेच कण वीज वाहण्याच्या कामीं येत नाहींत. कांहीं कार्यक्षम असतात, कांहीं नसतात, असें त्याचें म्हणणें होतें. ज्या आम्लाचें द्रावण वीज सुलभपणें वाहूं देतें, तें आम्ल रासायनिक दृष्ट्याही प्रबळ असावें, असेंही अनुमान त्यानें काढलें. उप्सालाच्या प्राध्यापकांना हें पटलें नाहीं. ते अजाण होते असें मुळींच नव्हे. तेथील रसायनाचे प्राध्यापक क्लेव्ह यांनीं १८७९ सालीं होल्मियम आणि थुलियम या दोन नव्या मूलद्रव्यांचा शोध लावला होता. परंतु प्रबंधाचा विषय रसायन आणि पदार्थविज्ञान यांच्या सीमेवरचा होता, आणि त्याचें मोल ठरविण्याचें माप त्या घरांत नव्हतें. प्रबंध नापास झाला नाहीं, पण त्याला इतकी कनिष्ठ श्रेणी मिळाली कीं, विद्यापीठांत अध्यापक होण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

अऱ्हेनियसनें प्रबंधाच्या प्रती परदेशच्या विद्वानांकडे धाडल्या. त्यांतील एक रिगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या हातीं पडली. ओस्टवाल्ड त्या वेळीं आम्लांच्या प्राबल्याचीं मापें घेण्यांत गुंतले होते. त्यांनीं आपले आंकडे अऱ्हेनियसच्या अनुमानाशीं ताडून पाहिले, तों दोहोंचा मेळ बसला! त्याच उन्हाळ्यांत ते स्वतः उप्सालास येऊन त्या तरुणाला भेटले आणि रिगा येथें जागा देऊं लागले. वडिलांच्या आजारामुळें अऱ्हेनियसला तेव्हां देश सोडतां आला नाहीं. परंतु पाहुण्यानें केलेली पारख घरच्यांच्याही ध्यानीं आली, आणि वर्ष सरण्यापूर्वींच उप्सालानें त्याला भौतिकी रसायनाचा अध्यापक नेमलें. १८८७ सालीं त्यानें आपला सिद्धांत पूर्णत्वानें मांडला: मीठ पाण्यांत विरघळलें कीं, वीज सोडलेली नसतांनाही, त्याचे सोडियम आणि क्लोरिन यांचे विद्युद्भारित कण विलग होतात. १९०३ सालचें रसायनाचें नोबेल पारितोषिक त्याला याच सिद्धांताबद्दल मिळालें.

परीक्षा निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. कसोटी कडक नसेल तर पदवीला किंमत राहणार नाहीं. तथापि, परीक्षक आपल्या ज्ञानाच्या मर्यादेंतच निकाल देऊं शकतो, आणि एका विभागाचें ज्ञान कितीही सखोल असलें तरी तें अपुरें असणारच. म्हणूनच पाहुण्या संशोधकाच्या व्याख्यानाचा खरा लाभ पुष्कळदां व्याख्यान आटोपल्यावर होतो. मागच्या बांकावरचा विद्यार्थी भीत भीत आपला अडलेला प्रश्न विचारतो, आणि पाहुणा सांगतो कीं, असाच अनुभव आपल्याकडेही आला आहे. ज्या विभागांत अशा प्रश्नाला वेळ दिला जातो, तेथें एखाद्याचीं वर्षानुवर्षांचीं मोजमापें केवळ घरच्यांना उमगलीं नाहींत म्हणून कपाटांत पडून राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.