धुराचा हिशेब आणि दगडाचा हिशेब

स्लिटे (गॉटलंड, स्वीडन) :

२०२१ च्या जून महिन्यात या बंदरगावातल्या सिमेंट कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे जर्मनीच्या हायडलबर्ग समूहाने, एक मोठी घोषणा केली. २०३० पर्यंत स्लिटेच्या धुरांड्यातून बाहेर पडणारा वर्षाकाठी १८ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखाली गाडायचा, आणि हा जगातला पहिला कार्बनमुक्त सिमेंट कारखाना करायचा. पुढच्याच महिन्यात, ६ जुलैला, पर्यावरणविषयक वरिष्ठ न्यायालयाने याच कारखान्याचा चुनखडीच्या खाणीसाठीचा अर्ज फेटाळला. खाणीमुळे भूजलाचे आणि शेजारच्या संरक्षित पाणथळींचे काय होईल, हे कंपनीने पुरेसे तपासून मांडलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. चालू परवाना ३१ ऑक्टोबरला संपणार होता.

देश हादरला. स्वीडनमध्ये वापरल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी सुमारे तीन चतुर्थांश सिमेंट या एका गावातून जाते. घरे, पूल, बोगदे सगळे अडून राहील, अशी ओरड सुरू झाली. सरकारने घाईघाईने कायद्यात अपवाद घालायचे ठरवले. इथे विधेयके तपासायला ज्येष्ठ न्यायमूर्तींचे एक मंडळ असते. त्याने कडक शब्दांत आक्षेप घेतला. तरीही सप्टेंबरअखेर संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने २०२२ अखेरपर्यंतचा तात्पुरता परवाना दिला.

भारतीय वाचकाला प्रश्न पडेल की एका न्यायालयाला एवढे धाडस कुठून आले. १९९९ पासून लागू असलेल्या इथल्या पर्यावरण संहितेनुसार सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योगावर असते. नुकसान होईल हे गावकऱ्यांनी दाखवायचे नसते. होणार नाही हे कंपनीने दाखवायचे असते. पर्यावरण न्यायालयाच्या पीठावर कायदेपंडितांबरोबर तांत्रिक विषयांतले न्यायाधीशही बसतात, त्यामुळे भूजलाची प्रतिमाने आणि नकाशे तिथे खरोखर वाचले जातात. मला ही रचना फार मोलाची वाटते. सरकारने तिला बगल दिली, याचे अनेक स्वीडिश कायदेतज्ज्ञांना वाईट वाटले, आणि मलाही वाटते.

आता त्या जमिनीविषयी. गॉटलंड हे बेटच चुनखडीचे आहे. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन काळात, उबदार समुद्रातल्या प्रवाळांपासून आणि शिंपल्यांपासून हा दगड बनला. मध्ययुगात इथल्या लोकांनी त्यातून नव्वदहून अधिक चर्चे बांधली. विस्बी शहराचा तटही याच दगडाचा. खाणीच्या आसपासच्या माळावर दगडावर मातीचा इतका पातळ थर असतो की झाड धड वाढत नाही. आपल्या कोकणातला जांभ्याचा सडा पाहिलेल्या माणसाला ही जमीन लगेच ओळखीची वाटेल. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, पावसा-बर्फानंतर जागोजागी पाणी साचलेली, आणि म्हणूनच वेगळ्याच फुलांची. बेटावर ऑर्किडच्या तीसहून अधिक जाती आहेत. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके असलेले अपोलो हे मोठे फुलपाखरू इथे दिसते. त्याच्या अळ्या सेडम नावाच्या, खडकाला धरून वाढणाऱ्या मांसल पानांच्या वनस्पतीवर जगतात.

अपोलोचे उदाहरण कंपन्यांना सोयीचे असते, हेही सांगायला हवे. सेडम उघड्या दगडावर छान वाढतो, त्यामुळे खोदून सोडलेल्या जागी हे फुलपाखरू परत येऊ शकते. पाणथळीचे मात्र तसे नाही. खाणीलगतच्या संरक्षित क्षेत्रांतल्या पाणथळी चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. खाण खोल गेली, पाणी उपसले गेले, की भूजलाची पातळी खाली जाते आणि कुंपणापलीकडची पाणथळ कुणी कुदळही न लावता सुकू शकते. ती नंतर रोपे लावून परत आणता येत नाही. बेटावर पिण्याच्या पाण्याचीही टंचाई असते, म्हणून हा वाद फुलपाखरांपुरता राहिला नाही.

कार्बनकडे वळू. स्वीडनची वीज जवळजवळ सगळी पाणी, अणुऊर्जा आणि वाऱ्यापासून येते, त्यामुळे इथले औद्योगिक उत्सर्जन मोजक्याच धुरांड्यांत एकवटले आहे, आणि स्लिटे त्यांपैकी एक मोठे. सिमेंटची अडचण इंधनापुरती नाही. चुनखडी भट्टीत तापवली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांमागे, अर्ध्या टनाहून थोडा जास्त. कोळशाऐवजी लाकडाचा भुसा जाळला तरी हा भाग तसाच राहतो. म्हणून वायू पकडण्याचे तंत्र. शेजारच्या नॉर्वेत ब्रेव्हिक येथे याच समूहाच्या कारखान्यात जून २०२५ मध्ये असे संयंत्र सुरू झाले. वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचे सुमारे निम्मे उत्सर्जन पकडून जहाजाने नेतात आणि समुद्रतळाखाली सुमारे अडीच किलोमीटरवर साठवतात. हे खरे काम आहे आणि त्याचे कौतुक करायला हवे. पण स्लिटेचा आकार त्याहून कितीतरी मोठा. तिथे वायू पकडायला लागणारी वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलनेच आणावी लागेल, आणि आजच्या केबल त्याला पुरणाऱ्या नाहीत.

मुख्य मुद्दा मात्र पुढेच आहे. धूर शंभर टक्के पकडला तरी खाण एका फुटानेही लहान होत नाही. एक टन क्लिंकरला सुमारे दीड टन दगड लागतो, तो लागतच राहतो. म्हणून कारखानदाराने सुरुवात धुरांड्यापासून करू नये, क्लिंकरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सिमेंटमधले क्लिंकर कमी केले की दगड, धूर आणि पाण्याचा उपसा तिन्ही एकदम घटतात. स्वीडनमध्ये कोळशाची राख आणि पोलादाच्या भट्टीतली मळी मिसळलेली सिमेंटे आहेत. २०२१ च्या एका युरोपीय मानकाने क्लिंकर निम्म्यापर्यंत खाली आणायला वाटही करून दिली. पण कोळशाची वीजकेंद्रे आणि जुन्या झोतभट्ट्या बंद होतील तसा हा मालही आटणार आहे.

इथे आपल्याकडच्या कामाचा उल्लेख हवा. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटवर स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांबरोबर दिल्ली, मुंबई आणि मद्रासच्या आयआयटींनी काम केले आहे. त्यात उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानकही काढले. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर आणि आवारपूरच्या परिसरात मोठे सिमेंट कारखाने आणि चुनखडीच्या खाणी आहेत, आणि तो जिल्हा वाघांचाही आहे. तिथल्या कंपन्या वार्षिक अहवालात कार्बनचे आकडे देतात. खाणीभोवतीच्या विहिरींची आणि ओढ्यांची पातळी खाण सुरू होण्यापूर्वी किती होती व आज किती आहे, हा आकडाही त्याच पानावर छापावा आणि त्याची जबाबदारी स्वीडनप्रमाणे कंपनीवरच असावी. स्लिटेच्या अर्जात नेमका तोच भाग कच्चा होता.