शनिवारची वाट न पाहणारी कामं

मुंबई-पुण्याच्या पगारदार माणसाने कोकणात किंवा मावळात एकरभर जागा करावी, चार कलमं लावावीत आणि सुट्टी लागली की तिकडे पळावं, यात आता नवल राहिलेलं नाही. जागा करणं मात्र वाटतं तितकं सोपं नसतं. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे, जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलेलं असेल, तर तो सुटला. आम्ही त्यातले. दापोली तालुक्यात 40 गुंठे, म्हणजे बरोबर एक एकर, जांभ्याच्या गडग्याआड आमच्या वाट्याला आला.

कागद झाले की खरा प्रश्न पुढे येतो, तो वेळेचा. शेतीतली कामं दोन जातींची असतात: शनिवारपर्यंत थांबणारी आणि न थांबणारी. हौशी शेतकऱ्याचं सगळं गणित या एका फरकावर बसतं किंवा फसतं. तो कळायला मे महिन्यातला एक दिवस पुरतो. डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस दारात येऊन उभा राहिलेला असतो. घाई दोन्हीकडून.

दिवस उजाडतो तो आंब्याच्या तोडणीने. हापूस उन्हं चढायच्या आत उतरवायचा, राहिलेला संध्याकाळी. फळ ‘चौदा आणे’ तयार झालं की काढायचं, असं बागायतदार म्हणतात. देठाजवळ खळगा पडतो, दोन्ही बाजूंचे खांदे वर येतात, हिरव्या रंगावर फिकी झाक येते. शंका असली तर फळ पाण्यात टाकावं. तयार असलेलं बुडतं. झाडावरच सोळा आणे होऊ दिलं, तर साक्याचा धोका वाढतो. साका म्हणजे आतला गर पांढुरका, भुसभुशीत आणि आंबट होणं. वरून फळ पिवळंधमक दिसतं, कापल्यावरच फसवणूक कळते. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून झाडाखाली पातेरा पसरून ठेवायचा आणि उतरवलेली फळं लगेच सावलीत न्यायची.

तोडायला झेला हवा: लांब बांबू, टोकाला जाळी आणि देठ कापणारं पातं. 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारलेला ‘नूतन झेला’ कोकणात सगळीकडे दिसतो. फळ देठासकट उतरलं पाहिजे. देठ तुटला की चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. शेजारच्या काकू पडवीत फळं निवडायला बसतात आणि आमच्या हातावर बारीक नजर ठेवतात. “देठ गेलेले वेगळे ठेवा हो, ते साठाला चालतील,” असं म्हणत एकेक फळ उलटंसुलटं करून तीन ढीग लावतात: अढीत घालायचे, लगेच वाटायचे आणि साठाचे. चुकीच्या ढिगात आम्ही टाकलेलं फळ त्यांच्या हातून मुकाट्याने आपल्या जागी जातं.

ही तोडणी थांबत नाही. बुधवारी तयार झालेलं फळ शनिवारी खाली पडलेलं सापडतं. पाऊस पडला की फळमाशी वाढते. विद्यापीठाचाच रक्षक सापळा टांगला की आतल्या मिथिल युजेनॉलच्या वासाने नर माश्या त्यात ओढल्या जातात. उपयोग होतो, पण पावसानंतर झाडावर राहिलेल्या फळाची खात्री कोणी देत नाही.

नऊच्या सुमारास पाण्याकडे वळायचं. दापोलीला वर्षाला सुमारे 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. वरून आलेलं बरंचसं खाली निघून जातं. भर उन्हाळ्यात एका माडाला दिवसाला 30-40 लिटर पाणी लागतं, म्हणजे शिंपणं हे रोजचं, न थांबणारं काम. पण ते थांबणाऱ्यांत ढकलता येतं. ठिबक, त्याला टायमर, आळ्यात नारळाची सोडणं उताणी न ठेवता पालथी रचलेली, वर झावळ्या. मग शनिवारी फक्त तोट्या तपासायच्या उरतात. कुठे गाळ बसलेला असतो, कुठे मुंग्यांनी घर केलेलं असतं. सुई घालून एकेक मोकळी करावी लागते.

शेणखताचा खड्डा उपसणं हे शनिवारपर्यंत थांबणारं, पण पावसापर्यंत न थांबणारं काम. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा याच कुजत्या खतात अंडी घालतो. फावडं खाली गेलं की बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वर येतात. कोंबड्यांना हे आमच्याआधी ठाऊक असतं. पहिल्या फावड्याचा आवाज झाला की अंगणातली सगळी पलटण खड्ड्याच्या काठावर हजर होते आणि अळी मातीवर पडायच्या आत चोचीत जाते. औषधाचा खर्च वाचतो, अंड्यांचंही भागतं.

त्या पलटणीत एक गैरहजर असते: खुडूक बसलेली. तिचे 21 दिवस हे पक्कं न थांबणारं काम. उन्हाळ्यात तिच्या चोचीजवळ पाण्याचं भांडं रोज लागतं, कारण ती स्वतः फार वेळ उठत नाही. मुंगूसही सुट्टीचा वार बघून येत नाही. म्हणूनच कोंबड्या काकूंच्या आवारात राहतात आणि आम्ही आलो की आमच्या म्हणवतात.

दुपारी बारा ते चार बाहेरचं काम बंद. सावलीतलं काम मात्र भरपूर: रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. पिकलेले लालजर्द रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळे काढून मीठ घालायचं, त्याचा रस सुटतो. साली उन्हात वाळवायच्या, पुन्हा त्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटांवर पुटं चढली की काळपट, लवचीक आमसुलं तयार होतात. बियांपासून निघणारं घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. कोकमाच्या झाडात नर-मादी वेगळे असतात. रोपं बियांपासून केली तर काही वर्षं पाणी घालून शेवटी नर निघण्याची पाळी येते. मादी झाडाचं कलम घेतलेलं बरं. आमसुलांच्या पुटांना सलग कोरडं ऊन लागतं, आणि आता त्याचाही भरवसा राहिलेला नाही. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. कोकणात जे जे अंगणात पसरलेलं होतं, ते घरात ओढायला सगळ्यांचीच धावपळ उडाली.

उन्हं कलली की आगोटीची तयारी. सुकी लाकडं आणि चुडतं पडवीत रचायची, कौलं चाळायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडाच्या किनाऱ्याबरोबर दापोली-मंडणगडातल्या बागाही आडव्या केल्या. तेव्हापासून घरावर झुकणाऱ्या फांद्या मे महिन्यातच उतरवण्याकडे अनेकांचा कल आहे.

संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात धारा निघायला लागतात. गाय का पाळत नाही, असं पाहुणे हमखास विचारतात. दोन वेळा धार, चारा, पाणी: यातलं काहीच शनिवारपर्यंत थांबत नाही. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या कामातून 10 गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब पोसता येईल असा हिशेब मांडला. तो वाचून अनेक शहरी माणसं जमिनीकडे वळली, पण त्या हिशेबातलं कुटुंब जमिनीपाशी राबणारं आहे. आपण 40 गुंठे घेऊन आठवड्यातून एकदा जाणार असू, तर आपलं गणित वेगळं मांडलं पाहिजे.

ते असं. आंबा, कोकम, काजू, जायफळ ही झाडं मोठी झाल्यावर आपली गैरहजेरी सोसतात. भाजीचे वाफे आणि गुरं सोसत नाहीत. पाण्यावर जितका खर्च करता येईल तितका आधी करावा, घरावर मागून. आणि झाडं कितीही सोशिक असली तरी तोडणीचे दिवस, खुडूक कोंबडी आणि अवेळी आलेली सर यांच्यासाठी जागेवर माणूस लागतोच. आमच्याकडे निम्मे रातांबे, अंडी आणि साठाचे आंबे काकूंचे, हे पहिल्या वर्षीच तोंडावर ठरलेलं आहे. त्यात उपकार कोणाचे कोणावर नाहीत. जागा बघायला जाणाऱ्याने सातबारा तपासावा, मे महिन्यात विहिरीत डोकावावं, आणि व्यवहार पक्का करण्याआधी एवढं विचारून घ्यावं: मंगळवारी सकाळी इथे कोण असतं?