नवा लॅपटॉप तपासताना

खोक्यावर ‘१२ तास बॅटरी’ लिहिलेलं असतं. ते तूर्त बाजूला ठेवा आणि वॉट-अवरचा आकडा बघा. समजा ५७ वॉट-अवरची बॅटरी आहे. टायपिंग, ईमेल असं हलकं काम असेल तर लॅपटॉप ६-७ वॉट खातो, म्हणजे आठ-नऊ तास निघतात. व्हिडिओ कॉलवर हाच खर्च १५ वॉटवर गेला, की चार तासांच्या आतच खेळ आटोपला! कंपनी खोटं बोलते असं नाही. ती स्क्रीन मंद ठेवून मोजते, आपण तसं काम करत नाही. म्हणून रोजच्या ब्राइटनेसवर, रोजचंच काम करून बघा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यातली मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता नव्या मशीनवर जवळपास सारखी हवी. फरक मोठा दिसला तर परत करायची मुदत आहे तोवरच बोला.

स्क्रीन दुकानातल्या दिव्यांखाली जोखू नका, खिडकीशी न्या. २५० निट्सची स्क्रीन तिथे फिकी पडते, ४०० ची बरी चालते. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून प्रायव्हसी स्क्रीन घेतात. सोय आहे, पण समोरूनही ती जरा अंधुकच वाटते.

राहिला टचपॅड. बऱ्याच टचपॅडची बिजागरी वरच्या कडेला असते, त्यामुळे तिथे क्लिक जड लागतो. तो बिघाड नव्हे. चार्जर लावल्यावरच कर्सर थरथरत असेल, तर लॅपटॉपला दोष देण्याआधी दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या प्लगवर लावून पाहा. मी स्वतः या भानगडीत दोन दिवस घालवले आहेत.