‘नो पेन, नो गेन’ इथे चालत नाही

हॉस्टेलच्या जिममध्ये एक मंत्र सगळ्यांना पाठ आहे : ‘नो पेन, नो गेन’! पण एका आजारात हा मंत्र उलटा पडतो. तो म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ए.एल.एस. १९६३ साली स्टीफन हॉकिंगना त्याचं निदान झालं तेव्हा ते २१ वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. ते २०१८ पर्यंत जगले, पण तो अपवाद. बहुतेक पेशंटच्या हातात थोडीच वर्षं असतात.

बदलापूरला राहणाऱ्या माझ्या मामांना हाच आजार आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांनी आयुष्यभर फिटरचं काम केलं. हाताची पकड सैल झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, “डंबेल्स मारा, ताकद येईल.” घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र जड डंबेल्स आधी बंद केले. असं का?

आमच्या उल्हासनगरचंच उदाहरण घ्या. एका ट्रान्सफॉर्मरवर कितीतरी घरं असतात. मोटर न्यूरॉन म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि स्नायूंचे तंतू म्हणजे घरं. एक ट्रान्सफॉर्मर जळाला की त्याची काही घरं शेजारच्यावर जोडतात. शरीरातही तसंच होतं. जिवंत न्यूरॉन नवे फाटे फोडून पोरक्या तंतूंना जोडून घेतात. म्हणजे उरलेले न्यूरॉन आधीच जादा लोडवर! जळालेला ट्रान्सफॉर्मर व्यायामाने परत येत नाही, आणि उरलेल्यांना दमवून ताकदही वाढत नाही.

मग नुसतं पडून राहायचं का? तेही चुकीचंच. वापर थांबला की चांगले तंतूसुद्धा रोडावतात, सांधे आखडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले २७ पेशंट होते. बेताच्या वजनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी घटली. अभ्यास छोटा आहे, आजार बरा होतो असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण बेताचा व्यायाम घातक नसतो, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

ताईंचे नियम साधे आहेत. ज्या स्नायूत अजून बरी ताकद आहे त्यालाच हलकं वजन द्यायचं. जो फार कमजोर झाला त्याला फक्त दुसऱ्याच्या हाताने हळूहळू ताणायचं. मध्ये मध्ये विश्रांती घ्यायची. दुसऱ्या दिवशीही अंग दुखलं किंवा थकवा राहिला, तर व्यायाम जास्त झाला असं समजून कमी करायचा. तोल जात असेल तर काठी घ्यायची, त्यात लाज कसली? श्वासाचे स्नायूही याच आजारात कमजोर होतात, म्हणून त्यांची तपासणी वेळोवेळी हवीच.

मामांची पकड पूर्वीसारखी होणार नाही, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. शर्टाची बटणं स्वतः लावणं, कप स्वतः उचलणं, हे जितके महिने टिकेल तितकं टिकवायचं, एवढंच ध्येय.

तुमच्या ओळखीत असा पेशंट असेल तर ताकद पूर्ण जाण्याची वाट पाहू नका. न्यूरॉलॉजिस्टना विचारून फिजिओथेरपी लवकर सुरू करा. आपल्याकडून लोकलने गाठता येतील अशा दोन जुन्या संस्था मुंबईत आहेत : परळच्या केईएम रुग्णालयातलं १९५३ साली सुरू झालेलं फिजिओथेरपी केंद्र आणि हाजी अलीची १९५५ सालची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था. आणि हो, भेटायला जाल तेव्हा डंबेल्सचा सल्ला तेवढा देऊ नका!