समजून घ्या : रेसिंग कारचा स्पार्क दमदार करणारी पेटी, पण एक वायर चुकली तर?

जुन्या अमेरिकी व्ही-८ गाड्यांचं बॉनेट उघडलं, की अनेकदा एक लाल चौकोनी पेटी दिसते. 'एमएसडी'चं '६एएल' इग्निशन. पेटी बसवायला चार स्क्रू पुरतात. खरी परीक्षा असते ती वायरिंगची.

मूळ इग्निशन कुठे कमी पडतं?

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा प्लगमध्ये ठिणगी पडते. आठ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर असेल, तर सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीसाठी अवघे अडीच मिलिसेकंद. तेवढ्यात जुनी कॉइल पूर्ण भरत नाही आणि इंजिन मिसफायर होऊ लागतं.

पेटी नेमकं काय करते?

पेटीतला कपॅसिटर सुमारे ५०० व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि क्षणात कॉइलमध्ये रिकामा होतो. आपल्याकडच्या बाइकमधल्या 'सीडीआय'चं तत्त्वही हेच. ही ठिणगी जोरदार असली तरी फार कमी वेळ टिकते. म्हणून साधारण ३,००० आरपीएमच्या खाली पेटी एका वेळी अनेक ठिणग्या देते.

कोणती वायर कुठे?

* जाड लाल आणि जाड काळी : थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला
* बारीक लाल : चावीने सुरू-बंद होणाऱ्या १२ व्होल्टला
* नारिंगी : कॉइलच्या पॉझिटिव्हला
* बारीक काळी : कॉइलच्या निगेटिव्हला
* पांढरी : पॉइंट्सकडून येणाऱ्या सिग्नलसाठी. डिस्ट्रिब्युटरमध्ये मॅग्नेटिक पिकअप असेल, तर पांढरीऐवजी जांभळी-हिरवी जोडी वापरतात. दोन्ही एकत्र कधीच नाही.

सर्वात महागडी चूक कोणती?

कॉइलवरची जुनी वायर तशीच ठेवणं. पेटी बसल्यावर कॉइलच्या दोन टोकांना फक्त नारिंगी आणि बारीक काळी वायर हवी. तिथे टॅकोमीटर किंवा टेस्ट लाइटही लावायची नाही. टॅकोमीटरसाठी पेटीवर वेगळं टर्मिनल असतं. १२ व्होल्टच्या उपकरणात शेकडो व्होल्ट शिरले, तर ते जळू शकतं. इंजिन चालू असताना या टोकांना हात लागला, तर जबर शॉक बसतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढायचीच.

चावी काढूनही इंजिन बंद होत नसेल तर?

पेटीला मुख्य वीज थेट बॅटरीतून मिळते. बारीक लाल वायर फक्त सुरू-बंद सांगते. काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या वॉर्निंग लॅम्पच्या वायरमधून थोडा करंट उलटा येतो आणि तेवढ्यावर पेटी चालू राहते. त्या वायरमध्ये डायोड टाकला की हा प्रश्न सुटतो.

आजच्या गाडीत बसवावी का?

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आणि ईसीयू असलेल्या गाडीसाठी ही पेटी नाही. ती डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनांसाठी आहे. तिथेही साध्या तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायर चालत नाहीत, स्पायरल-कोअर लागतात. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी टायमिंग लाइटने टायमिंग तपासणं अत्यावश्यक.