उसाची पात डोळ्याला लागली तर



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. आज डोळ्याविषयी लिहितो, त्याला कारण आहे. मागे एका सभासदाच्या प्लॉटमध्ये पाचट काढताना त्यांच्या मुलाच्या डोळ्याला पात लागली. मी बांधावरच उभा होतो. "अरे, पाटाच्या पाण्यानं धू, काही होत नाही," असे मीच म्हणालो. आठवड्याने डोळा लाल झाला. दुकानातून आणलेल्या थेंबांनी लाली उतरली, पण दुखणे वाढत गेले. पोराला रात्र रात्र झोप नाही. दीड महिन्याने नेत्रतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा बुबुळात अमिबा सापडला.

हा जुलाबाचा अमिबा नव्हे. याचे नाव अकँथामिबा. माती, विहीर, पाट, टाकी, नळ, सगळीकडे हा असतो आणि जिवाणू खाऊन जगतो. धड बुबुळात तो सहसा शिरत नाही. ओरखडा पडला की त्याला वाट मिळते. परदेशात हा रोग मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो. आपल्याकडे मात्र पात, काडी, माती आणि घाण पाणी हीच मोठी कारणे आहेत. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७३ साली आढळलेला रुग्णही डोळ्याला इजा झालेला पशुपालक शेतकरीच होता.

आता औषधाचे बघू. लव्हाळ्यावर फवारणी केली की पाला जळतो, पण जमिनीतली गाठ जिवंत राहते आणि पुन्हा फुटते. अमिबाचे तसेच आहे. त्याचे हिंडते-फिरते रूप औषधाने लवकर मरते. पण अडचण आली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करून निपचित पडतो. ते कवच फोडणे अवघड असते. म्हणून उपचार लांबतो.

पूर्वी यावर औषधच नव्हते. १९८५ साली इंग्लंडमधून प्रोपॅमिडीनच्या थेंबांनी रोगी बरा झाल्याची नोंद आली. पुढे पीएचएमबी आणि क्लोरहेक्झिडीन ही औषधे आली. आज ०.०२ टक्के तीव्रतेचे त्यांचे थेंब मुख्यतः वापरतात. सुरुवातीचे दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालावे लागतात. मग हळूहळू कमी करत काही महिने, कधी वर्षभर. बरे वाटले म्हणून मधेच सोडले, तर गाठ पुन्हा फुटलीच म्हणून समजा. हीच नावे असलेली जखमेची किंवा पाण्याची जंतुनाशके मात्र चुकूनही डोळ्यात घालू नयेत.

पातीच्या जखमेतून बुरशीही शिरते, आणि ती अमिबापेक्षा जास्त वेळा आढळते. तिचे औषध निराळे. म्हणून बुबुळाचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय अंदाजाने औषध घेऊ नये. दुकानातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, पण रोग आत फोफावतो. आमच्या मुलाचे तेच झाले.

तेव्हा सभासदांनी, तोडणी मुकादमांनी आणि मजुरांनी एवढे पाळावे :

१) पात लागल्यास डोळा चोळू नये. पाटाचे, विहिरीचे पाणी लावू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावा.

२) दूध, मध, तूप, झाडपाल्याचा रस काहीही घालू नये.

३) डोळा दुखत, गळत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरे दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पात लागली होती हे आवर्जून सांगावे.

४) तणनाशक किंवा चुना डोळ्यात गेला तर गोष्ट वेगळी. तेथे थांबायचे नाही. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच, निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा.

५) पाचट काढताना व तोडणीला साधा चष्मा लावावा. पोरं हसतील, हसू द्या.

त्या मुलाचे थेंब नऊ महिने चालले. डोळा राहिला, पण बुबुळावर फूल पडले. आता नेत्ररोपणासाठी नाव नोंदवले आहे. तो भेटला की मला काही बोलत नाही. मलाच वाईट वाटते. माझ्या सल्ल्याने खताची मात्रा चुकली तर पुढच्या हंगामात भरून काढता येते, हे तसे नाही. म्हणून हे लिहिले.

– ऊस विकास अधिकारी